शवासन जरूर करा, पण गोळी सोडू नका

रक्तदाबाचा रुग्ण आणि त्याची गोळी यांचे नाते आपल्याकडे फार दिवस टिकत नाही. पहिल्या महिन्यात गोळी नेमाने घेतली जाते, दुसऱ्या महिन्यात आठवण झाली तर, आणि तिसऱ्या महिन्यात कुणीतरी हितचिंतक भेटतो. तो सांगतो, ‘गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा पहाटे उठून श्वासाचे व्यायाम करा, बीपी मुळासकट जाते.’ हा सल्ला मुकुटबनच्या बाजारात मिळतो, वणीच्या बसस्थानकावर मिळतो, आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यातही मिळतो. हल्ली तर तो मोबाइलवर घरपोच येतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि तो ऐकायला गोड लागतो. मग गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याच्या फळीवर जाऊन पडते आणि वर्षभराने घरातले माणूस एक हात लुळा पडलेल्या अवस्थेत दवाखान्यात येते.

आपल्याकडचा रुग्ण विचारतो, “मले काही होऊनच नाही रायलं, त मंग गोयी कायले खाऊ?” हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. ताप आला की अंग तापते, विंचू चावला की ठणकते. दुखणे थांबले की औषध थांबवायचे हा शेकडो वर्षांचा व्यवहार आहे. रक्तदाब या व्यवहारात बसत नाही. तो दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकांना डोकेही दुखत नाही. आत मात्र मेंदूच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर रात्रंदिवस ताण पडत राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के जणांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे पंगतीला पाच माणसे बसली तर त्यातले एक या रोगाचे. त्यातील कित्येकांना ते ठाऊकच नसते.

हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूला काही डॉक्टर मंडळी आहेत. रुग्णाने भीत भीत ‘साहेब, शवासन करू का?’ असे विचारले की ते हसतात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतात. या हसण्याने जेवढे रुग्ण गमावले असतील तेवढे कुठल्याही बाबा-बुवाने पळवले नसतील, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण प्रश्न विचारणारा माणूस उत्तर मिळाले नाही तर दुसरीकडे जातो, आणि दुसरीकडे त्याला गोळी सोडण्याचा सल्ला मिळतो. शिवाय हसण्यासारखे त्यात काही नाही. अंग सैल सोडून संथ श्वास घेतल्याने रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे आपल्याच महाराष्ट्रात पाऱ्याच्या यंत्राने मोजले गेले आहे.

मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि विनेकर या सहकाऱ्यांसह ४७ रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवले. त्याचा अहवाल १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या गटाला कुठलेच औषध नव्हते. दुसऱ्याचा दाब औषधांनी आटोक्यात होता. तिसऱ्याचा औषध घेऊनही आटोक्यात येत नव्हता. पहिल्या गटाचा सरासरी दाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरला. हा आकडा वरच्या आणि खालच्या दाबाचा मिळून काढलेला मध्य असतो. आपल्या नेहमीच्या भाषेत सांगायचे तर साधारण १८०/११० चा दाब १४५/८८ च्या आसपास यावा, तेवढा हा फरक. दुसऱ्या गटात सुमारे ६० टक्के रुग्णांची औषधाची गरज मूळच्या एक तृतीयांशापर्यंत खाली आली. तिसऱ्या गटात, म्हणजे ज्यांचा आजार हट्टी होता त्यांच्यात, थोड्यांनाच गुण आला.

या अहवालातील एक गोष्ट आमच्या मते सोन्यासारखी आहे, आणि शिबिरांत नेमकी तीच सांगितली जात नाही. दुसऱ्या गटाचे औषध कमी केले ते डॉक्टरांनी, दाब मोजत मोजत. रुग्णाने घरी बसून पट्टी फेकून दिली असे तेथे घडलेले नाही. आणि त्या गटातही सुमारे ४० टक्के लोकांना औषधात सूट मिळालीच नाही. आपण कुठल्या टक्क्यात बसतो, हे मोजल्याशिवाय कुणालाही, अगदी योगगुरूलाही, कळण्याचा मार्ग नाही.

या कामाची मुळे त्याहून जुनी आहेत. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. आसने करताना शरीरात काय होते हे श्रद्धेवर न सोडता यंत्राने तपासायचे, हा त्यांचा आग्रह. रक्तदाबावरील त्यांचे प्रयोगही त्याच दशकातले. १९२७ च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना गांधीजी आजारी पडले, दाब वाढलेला निघाला आणि बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांवर त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात आसनांबद्दल गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात पत्रव्यवहार झाला. दाब मोजण्याबाबत गांधीजी आपल्यापेक्षा दक्ष होते.

पण मग गांधीजींचा रक्तदाब गेला का? नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ चा दाब १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० चा २२०/११० असा आहे. मिताहार, चालणे, सोमवारचे मौन, प्रार्थना, व्यसन कोणतेच नाही. याहून संयमी आयुष्य शेजारच्या सेवाग्रामच्या आश्रमात दुसरे कोण जगले असेल? तरीही दाब वाढायचा तो वाढलाच. अर्थात डोक्यावरचा भारही साधा नव्हता. शिवाय आज गावच्या उपकेंद्रात मिळणाऱ्या गोळ्या त्या वेळी जगात कुणाकडेच नव्हत्या. सर्पगंधेची मुळी हाच काय तो आधार होता. ज्याच्या संयमापुढे आपण हात जोडतो त्याला नुसत्या संयमाने जे जमले नाही, ते आपल्याला पंधरा दिवसांच्या शिबिराने जमेल असे मानणे धाडसाचे आहे.

आता हे घडते कसे ते पाहू. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाबाची चाहूल घेणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला खबर देतात आणि मेंदू हृदयाला हळू चालण्याचा व रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा हुकूम सोडतो. घरावरच्या टाकीत तरंगणारा बॉल जसा पाणी वर आले की नळ बंद करतो, तशी ही व्यवस्था. जुन्या रक्तदाबात हा बॉल अडकल्यासारखा होतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास संथ केला की ही व्यवस्था जास्त तत्पर होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एक गमतीशीर निबंध छापला. इटलीतील बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन जपमाळ आणि ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती सहाच्या जवळ आली. आपल्याकडे राष्ट्रसंतांच्या सामुदायिक ध्यानात ताठ बसून डोळे मिटणारी म्हातारी माणसे आणि संथ सुरात हरिपाठ म्हणणारी मंडळी कदाचित हेच करीत आली असतील. ते देवासाठी करतात, दाबासाठी नव्हे, हा भाग वेगळा.

लंडनच्या डॉ. चंद्रा पटेल या भारतीय वंशाच्या डॉक्टरीणबाईंनी १९७३ पासून या विषयाचा पाठपुरावा केला. १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या प्रयोगात ३४ रुग्ण होते. अंग सैल सोडण्याचे शिक्षण मिळालेल्यांचा वरचा दाब सरासरी २६ ने उतरला. ज्यांना हे शिक्षण नव्हते, त्यांचाही ९ ने उतरला! हा ९ चा आकडा विसरू नका. दाब पहिल्यांदा मोजताना माणूस घाबरलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तो आपोआप खाली येतो. ऋतूचाही हात असतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो, उन्हाळ्यात उतरतो. आपल्या भागातला उन्हाळा तर विचारू नका. त्यामुळे जानेवारीत प्राणायाम सुरू करून मे महिन्यात ‘बघा, गुण आला’ म्हणणाऱ्याने दिवाळीनंतर पुन्हा मोजून पाहावे. २००८ साली अशा २५ प्रयोगांची एकत्र छाननी झाली. तेव्हा सर्व मिळून सरासरी उतार वरच्या दाबात साडेपाच आणि खालच्यात साडेतीन एवढाच निघाला. बरेच प्रयोग कच्चे असल्याने तोही पक्का मानता येणार नाही, असा शेराही परीक्षकांनी मारला.

साडेपाच म्हणजे थोडेच, असे कुणी म्हणेल. ज्याचा दाब १४२ आहे त्याला ते पुरे आहे. ज्याचा १८० आहे त्याला ते कुठेच पुरत नाही. सारा निर्णय या फरकावर उभा आहे. तेव्हा पहिल्याने गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या संमतीने तीन महिने श्वास, चालणे आणि मीठ यांवर प्रयत्न करून पाहावा. मधुमेह किंवा हृदयविकार जोडीला असेल तर मात्र ही सवलत नाही. दुसऱ्याने गोळी घेऊन मग शवासनात पडावे.

करायचे कसे, हे सांगितले पाहिजे. सतरंजी किंवा चटईवर उताणे पडा. पायांत हातभर अंतर, हात अंगापासून थोडे दूर, तळवे आभाळाकडे. मान अवघडत असेल तर पातळ उशी चालेल. डोळे अलगद मिटा. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक अवयव सैल सोडत वर या. जबडा आणि कपाळ विसरू नका, कारण कर्जाची आणि पोरीच्या लग्नाची काळजी तिथेच गाठ मारून बसलेली असते. मग श्वासाकडे लक्ष द्या. छाती न फुगवता पोट वर येऊ द्या. श्वास घेताना नाकाशी गारवा लागतो, सोडताना ऊब लागते. तेवढ्यावरच मन ठेवा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या आणि सोडल्यावर सहज जितके थांबता येईल तितकेच थांबा. दाते यांच्या रुग्णांनी हे रोज अर्धा तास केले. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. झोप लागली तर अपराध नव्हे, मात्र घोरणे म्हणजे शवासन नव्हे. उठताना एकदम उठू नका. कुशीवर वळा, बसा, मग उभे राहा, विशेषतः गोळी घेणाऱ्यांनी. ज्यांना उताणे पडून धाप लागते त्यांनी आणि गरोदर बायांनी खुर्चीत बसून हेच करावे. गरोदरपणात दाब वाढला असेल तर मात्र शवासनाचा विचारच नको, थेट रुग्णालय गाठायचे.

आणि काय करू नये? दाब आटोक्यात नसताना श्वास जोराने कोंडून धरू नये. भस्त्रिका, कपालभाती यांसारखे जोराचे प्रकार नकोत. शीर्षासन, सर्वांगासन तर नकोच. टीव्हीवर पाहून शेजारी करतो म्हणून आपणही डोक्यावर उभे राहू नये. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका अंगाची ताकद जाणे यांपैकी काही झाले तर ती वेळ श्वास मोजण्याची नाही, गाडी शोधण्याची आहे. गोळी मनाने बंद करू नका हे पुन्हा सांगतो, कारण काही गोळ्या एकाएकी सोडल्या की दाब उसळून पहिल्यापेक्षा वर जातो.

एक गोष्ट मात्र बोलावीशी वाटते. सकाळी अर्धा तास अनुलोम-विलोम आणि दिवसभर गालात खर्रा, हे दृश्य आपल्या भागात दुर्मिळ नाही. तंबाखूतील निकोटिन दर खेपेला नाडी आणि दाब वर ढकलते. नाकपुडीतून जे कमावले ते गालातून गेले! तीच गत मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चमचा. आपण सरासरी आठच्या घरात खातो. लोणचे, पापड, ठेचा, वरून शेव-चिवडा. आणि शेतातल्या कामाने कंबर धरली की दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, हा तिसरा चोर. रोजच्या रोज घेतल्यास ती दाब वाढवते आणि मूत्रपिंडही बिघडवते. श्वासाचा व्यायाम सांगणाऱ्याने या तिघांबद्दल विचारले नसेल, तर त्याने अर्धेच काम केले.

पण खरी अडचण आणखी वेगळीच आहे. हा अर्धा तास आणायचा कुठून? हे तंत्र ज्यांनी सांगितले ती बहुधा अशी माणसे, ज्यांच्या घरी कुणीतरी दुसरे चहा ठेवते. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे चारला उठून भाकरी थापणारी, दिवसभर वाकून वेचणारी आणि रात्री भांडी घासून झोपणारी बाई कुठल्या चटईवर पडणार? ती दुपारी पडलीच तर सासू म्हणते, ‘दिवसाढवळ्या लोळते.’ त्यात आसनाचे नावच असे, की तिन्हीसांजेला घरात कुणी मढ्यासारखे पडले तर म्हातारी माणसे रागावतात. (नावाचीच अडचण असेल तर त्याला ‘निवांत पडणे’ म्हणा, रक्तवाहिन्यांना संस्कृत कळत नाही.) मुकुटबनला आता सिमेंटचा कारखाना आहे, वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. पाळीत काम करणाऱ्यांची झोपच ठिकाणावर नसते, आणि अपुरी झोप दाब वाढवते. अशा माणसाला ‘ब्राह्ममुहूर्तावर उठा’ असे सांगणे म्हणजे चेष्टा आहे. त्याने पाळी संपल्यावर झोपण्याआधी दहा मिनिटे हे करावे. बाईसाठी घरच्यांनी ताटे उचलावीत. औषधाच्या चिठ्ठीवर ‘रोज वीस मिनिटे, घरच्यांनी सोडावे’ असे डॉक्टरांनी लिहून दिले तर सासूचे तोंड बंद होते. ही सूचना आम्ही थट्टेने करीत नाही.

दुसरी सूचना सरकारी दवाखान्यांना. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात ज्या मोजक्या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, त्यांत शेजारचे वर्धा होते. साधी नोंद, ठरलेल्या गोळ्या, दर महिन्याला मोजणी, एवढ्यावर तो चालतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. म्हणजे पैशाची सबब बरीचशी गेली. पण मोजणी कशी होते? पाटणबोरीकडून वा एखाद्या पोडावरून माणूस उन्हात येतो, रांगेत उभा राहतो, नंबर लागला की बसता बसता दंडाला पट्टा आवळला जातो. हा त्याचा दाब नसतो, त्या रस्त्याचा असतो. नियम असा आहे, की मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसवायचे. त्याआधी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा नाही. दंड हृदयाच्या उंचीवर. आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे. ही पाच मिनिटे म्हणजे रुग्णाला मिळालेला शवासनाचा पहिला धडाच नव्हे काय? ती पाळली तर विनाकारण गोळी लागलेले कित्येक जण सुटतील आणि खरे रुग्ण वेगळे निघतील.

त्यासाठी यंत्र लागत नाही, अनुदानाची फाइलही लागत नाही. पाठीचा बाक, भिंतीवर सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि ‘आता बोलू नका, श्वास हळू सोडा’ असे तेलुगू, कोलामी नि वऱ्हाडीत सांगणारी एक आशाताई असली की काम भागते. मोजणीच्या दिवशी बाहेर ओसरीवर चार चटया टाकल्या तर थांबलेल्यांना दहा मिनिटांत शवासनही शिकवून होते. रुग्णाने दोन आठवडे सकाळ-संध्याकाळचा दाब वहीत टिपावा, कोणत्या दिवशी सराव केला त्यापुढे खूण करावी आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी अर्धी करायची की तशीच चालू ठेवायची, हे ती वही पाहून डॉक्टरांना ठरवू द्या.